दुधी अळिंबीच्या पिशवीवर कोणती माती घालायची?

भाताचं पिंजर गरम पाण्यातून काढून, निथळून, त्यात स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बी, मिसळून पिशवी भरली की अठरा-वीस दिवसांत ती आतून पांढरी होते. बोटानं दाबली तर लोडासारखी घट्ट लागते आणि तोंड उघडलं की ताज्या मशरूमचा वास येतो. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) असेल तर एवढं पुरतं. पिशवीला चिरा पाडा, पाणी फवारा, चार-पाच दिवसांत गुच्छ फुटायला लागतात. दुधी अळिंबीचं, म्हणजे मिल्की मशरूमचं, मात्र तसं नाही. पिशवी नुसती उघडून ठेवली तर वरचा थर आठवड्याभरात पिवळट पडून सुकतो. आलंच तर कडेला एखादं वेडंवाकडं मशरूम येतं. त्याच पिशवीवर दोन-अडीच सेंटिमीटर ओली माती पसरा. दहा-बारा दिवसांत त्या मातीतून टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके वर येतात आणि पुढच्या आठवड्यात ते मुठीएवढे होतात.

हा मातीचा थर म्हणजे केसिंग. बटण मशरूमलाही ते लागतंच. पण कोल्हापुरात घरी करायचं तर मी दुधीच सांगेन. बटणाला फळधारणेच्या वेळी १४ ते १८ अंश तापमान सलग लागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते मिळतं, दुपारी बारा वाजता मिळत नाही, आणि एसी लावून पाव किलो मशरूम काढण्यात अर्थ नाही. दुधीला ३० ते ३५ अंश मानवतात. म्हणजे आपला मार्च ते मे हा तिचा हंगाम. उन्हाळ्यात जिन्याखालची खोली किंवा तळमजल्यावरची अडगळीची जागा तिला चालते.

आता प्रश्न मातीचा. कोणाला विचारलं तर उत्तर येतं, चांगली सुपीक माती घे, थोडं गांडूळखत घाल. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. गच्चीवरच्या कुंड्यांसाठी तयार केलेली माती होती, तीच वापरली: माती, गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड. पाचव्या दिवशी एका पिशवीवर हिरवट ठिपका दिसला. तो सातव्या दिवशी तळहाताएवढा झाला आणि दहाव्या दिवशी आठपैकी सहा पिशव्या उकिरड्यावर गेल्या. पिंजर चांगलं होतं, बी चांगलं होतं, वीस दिवस कुठेही डाग नव्हता. वरून घातलेल्या मातीनं सगळं घालवलं, आणि ती माती झाडांसाठी खरोखरच उत्तम होती.

केसिंग झाडाच्या मातीपेक्षा वेगळं का, हे एकदा कळलं की निवड सोपी होते. अळिंबीला मुळं नसतात. तिचं सगळं जेवण खाली पिंजरात आहे. वरच्या थरातून तिला खायचं काही नाही, उलट खायला काही मिळूच नये. बुरशीचे धागे पिंजरातून वर चढतात, केसिंगमध्ये शिरतात आणि तिथे त्यांना अन्न सापडत नाही. वरून मोकळी हवा लागते, कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओल कायम असते. या बदलात धागे नुसते पसरायचे थांबतात, एकमेकांत गुंफून जाड दोऱ्या करतात आणि त्या दोऱ्यांवर गाठी धरतात. ती गाठ म्हणजे पुढचं मशरूम. केसिंगमध्ये खत घातलं तर धाग्यांना थांबायचं कारणच उरत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे हवेतल्या हिरव्या बुरशीला, ट्रायकोडर्माला, आयतं ताट वाढून मिळतं.

दुसरं काम पाण्याचं. ताज्या मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पिशवीतून अर्धा किलो मशरूम निघालं तर साडेचारशे ग्रॅम पाणी त्यातून गेलं. हे पाणी काही पिंजरातून येतं, काही केसिंगमधून. पिंजरावर थेट पाणी ओतलं तर ते कुजतं. म्हणून वरच्या थरानं पाणी धरून ठेवायचं आणि लागेल तसं सोडायचं. पण पाणी धरताना त्याची भोकं बुजता कामा नयेत, कारण धागे श्वास घेतात. पाणी आणि हवा एकाच वेळी धरणारा थर शोधणं, केसिंगची सगळी अडचण इथे आहे.

तिसरं काम डोळ्यांना दिसत नाही. बटण मशरूमवर झालेल्या संशोधनातून ते कळलं. मशरूमचा जो ओळखीचा वास येतो, त्यातला मुख्य पदार्थ ऑक्टेनॉल नावाचं एक अल्कोहोल आहे. बुरशीचे धागे ते स्वतःच सोडतात आणि तेच साचून राहिलं तर गाठी धरायच्या थांबतात. केसिंगमध्ये राहणारे स्यूडोमोनास जातीचे जीवाणू हा अडथळा दूर करतात. केसिंग पूर्ण निर्जंतुक केलं तर बटणाच्या गाठी नीट धरत नाहीत, आणि त्यात सक्रिय कोळसा मिसळला तर पुन्हा धरतात, कारण कोळसा तो पदार्थ शोषतो. म्हणून केसिंग स्वच्छ हवं, पण मेलेलं नको. प्रेशर कुकरमध्ये घालून तासभर शिट्ट्या काढल्या की माती फार शुद्ध झाली असं वाटतं. खरं तर तिच्यातले मदतनीस गेलेले असतात आणि मोकळ्या जागेवर जो पहिला उतरेल त्याचं राज्य. तो पहिला बहुतेक वेळा ट्रायकोडर्माच असतो.

आता हाताशी काय काय आहे ते बघू. कोल्हापूर जिल्ह्यात माती तालुक्यागणिक बदलते, त्यामुळे दुसऱ्या गावाची कृती जशीच्या तशी चालत नाही.

शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती पाणी भरपूर धरते, तिचा सामूही (पीएच) विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूचा असतो, म्हणून ती योग्य वाटते. पण ओली झाली की ती फुगून लोण्यासारखी गच्च होते आणि सुकली की भेगा पडतात. भेगेतून पाणी थेट पिंजरात उतरतं आणि धागे तुटतात. त्यात शिरोळ भागात क्षारपड जमीन बरीच आहे. मीठ अळिंबीला सोसत नाही. काळी माती एकटी वापरू नका. पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीकडची तांबडी माती मोकळी असते, वजनही चांगलं देते, पण ती आम्लधर्मी, म्हणून तिला चुनखडी जास्त लागते. नदीकाठचा पोयटा दोन्हींच्या मधला, मला तो आवडतो, मात्र पुराच्या गाळाचा वरचा थर घेऊ नये. त्यात काय वाहून आलं असेल ते सांगता येत नाही. फूटभर खालची घ्यावी.

माती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला वाळू, मध्ये पोयटा, वर चिकणमाती असे थर दिसतात. चिकणमातीचा थर एकूण मातीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जाड असेल तर ती माती केसिंगला एकटी घेऊ नये.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुगा, आता नर्सरीत सगळीकडे मिळतं. ते स्वतःच्या वजनाच्या पाच-सहा पट तरी पाणी धरतं, तरी पोकळ राहतं, आणि त्यात खाण्यासारखं फार थोडं. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर भरते, घरच्या कामाला वर्षभर पुरते. दोष एकच आणि तो मोठा: खारटपणा. नारळाचा काथ्या बऱ्याच ठिकाणी खाऱ्या पाण्यात मुरवतात आणि नारळाच्या भुश्श्यात मुळातच पोटॅश भरपूर असतं. पाकिटावर ‘धुतलेलं’ लिहिलेलं असलं तरी मी तीन वेळा धुते. बादलीत भिजवायचं, अर्धा तास ठेवायचं, पातळ फडक्यात पिळायचं. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं, तिसरं फिकट. शेवटचं पाणी जिभेच्या टोकाला लावून पाहिलं तर खारट लागू नये. धुवायला बोअरचं पाणी घेऊ नका, विशेषतः ते भांड्यांवर पांढरे डाग सोडत असेल तर. नळाचं घ्या, किंवा पावसाळ्यात पागोळ्यांचं साठवलेलं.

शेणखत म्हटल्यावर आत्ता मी खत नको म्हणाले ते आठवेल. इथे शेणखत म्हणजे दोन वर्षं मुरलेलं, उकिरड्याच्या तळाशी सापडणारं, हातात घेतलं तर चहापत्तीसारखं सुटणारं. त्यातलं अन्न संपलेलं असतं, राहतो तो ओल धरणारा भुगा आणि चांगले जीवाणू. सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयाच्या शिफारशींतही जुन्या शेणखताचं केसिंग वर्षानुवर्षं आहे. कसं ओळखायचं? ओलं करून झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. झाकण काढल्यावर पावसाच्या मातीचा वास आला तर घ्या. गोठ्याचा किंवा अमोनियाचा वास आला, किंवा डबा हाताला कोमट लागला, तर अजून एक वर्ष थांबा. गांडूळखत याच कारणानं मी टाळते. ते ताजं आणि सकस असतं, झाडांना द्यावं.

आता प्रेसमडबद्दल, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाबद्दल, थोडं सविस्तर, कारण आपल्या जिल्ह्यात ही चूक हमखास होऊ शकते. परदेशी माहितीत केसिंगसाठी ‘साखर कारखान्यातला चुना’ असा उल्लेख वाचायला मिळतो. आपण साखरपट्ट्यातले, कारखाना पाच-दहा किलोमीटरवर, प्रेसमडचा ट्रॅक्टर दारावरून जातो. मग तोच घ्यावा असं कोणालाही वाटेल. पण तो पदार्थ वेगळा आहे. युरोपात साखर बीटापासून करतात. तिथे रस स्वच्छ करायला त्यात चुना घालून वर कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि खाली बसतो तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे बारीक चुनखडीच. तिकडचे लोक पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळात, तो मिसळतात. आपल्याकडे बहुतेक कारखान्यांत रस स्वच्छ करायला चुन्याबरोबर गंधकाचा धूर वापरतात. त्यातून निघणाऱ्या प्रेसमडमध्ये उसाचा बारीक चोथा, मेण, राहिलेली साखर आणि बाकी बरंच काही असतं. शेताला उत्तम. केसिंगमध्ये घातला तर तो आंबतो, तापतो, माश्या बोलावतो. नाव सारखं वाटलं म्हणून वस्तू सारखी होत नाही.

चुन्याचंही तसंच आहे, आणि इथे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. काहिलीत रस उकळायला लागला की गुळव्या चुन्याची निवळी बेतानं घालतो. रसाचा आंबटपणा मरायला हवा, पण चुना जास्त झाला तर गूळ काळपट होतो. केसिंगमध्येही आंबटपणा मारायचाच असतो. बुरशीचे धागे वाढताना ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, थराचा सामू हळूहळू खाली येतो, आणि आम्लधर्मी थरात हिरव्या बुरशीला जोर चढतो. आपल्याला सुरुवातीला सामू साडेसात ते आठच्या दरम्यान हवा आणि तो महिनाभर टिकायला हवा.

त्यासाठी कोणता चुना? पानाचा किंवा भिंतीला लावायचा विरलेला चुना फार तेज असतो. त्याचं पाणी १२ च्या वर सामू दाखवतं. चिमूट जास्त पडली की धागे भाजतात, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा जोर काही दिवसांत उतरतोही. चुनखडीची पूड उलट शांत असते. ती पाण्यात फारशी विरघळत नाही, कितीही घातली तरी सामू साधारण ८.३ च्या पुढे जात नाही, आणि आम्ल तयार होईल तेव्हाच ती थोडी थोडी खर्च होते. चूक झाली तरी पिशवी वाचते, म्हणून घरी तीच वापरावी. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती शिंपल्याची पूड किंवा संगमरवराची पूड म्हणजे तीच. दुकानदार काय म्हणतो त्यापेक्षा लिंबाचं ऐका. पुडीवर लिंबाचे दोन थेंब पिळा, फसफसली तर चुनखडी. नाही फसफसली तर ती जिप्सम किंवा नुसता दगडाचा चुरा. जिप्सम कंपोस्टमध्ये उपयोगी आहे, पण सामू वाढवत नाही, त्यामुळे चुनखडीची जागा ते घेऊ शकत नाही.

माझं सध्याचं मिश्रण मापानं असं: चार डबे धुऊन पिळलेलं कोकोपीट, दोन डबे जुनं शेणखत चाळून, एक डबा पोयटा किंवा तांबडी माती, आणि अर्धा डबा चुनखडी पूड. तांबडी माती घेतली तर पूड पाऊण डबा. कोकोपीट पाणी धरतं, शेणखत जीवाणू आणतं, माती वजन देते. दुधीचं देठ जाड आणि भारी असतं. नुसत्या कोकोपीटात ते तिरकं होऊन कलंडतं आणि शेजारच्या गाठी उपटतं. कोकोपीट मिळालंच नाही तर माती आणि धुतलेली वाळू निम्मी-निम्मी, त्यात चुनखडी, हेही दुधीला चालतं. फक्त पाणी दिवसातून जास्त वेळा थोडं थोडं द्यावं लागतं.

चाळणी फार बारीक घेऊ नका. गहू चाळायच्या चाळणीतून जाईल एवढं जाडंभरडं राहू द्या. कोल्हापूरच्या तालमीत हौद्यातली माती रोज खणून मोकळी करतात, बसू देत नाहीत. पाय रुतावा, अंग पडावं, पण माती गच्च होऊ नये. केसिंग हातात घेतल्यावर तसं भुसभुशीत लागायला हवं. मुठीत दाबलं की लाडू वळावा, बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत, आणि अंगठ्यानं टोचलं की लाडू फुटावा. धार लागली तर पाणी जास्त, लाडूच वळला नाही तर कमी. सामूच्या कागदी पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. एक चमचा मिश्रण दोन चमचे पाण्यात ढवळून, दहा मिनिटांनी वरच्या पाण्यात पट्टी बुडवायची.

निर्जंतुक नको म्हटलं तरी रोगाचे बीजाणू मारायला उष्णता द्यावीच लागते. मी जुना स्टीलचा डबा वापरते. तळाला दोन विटा, चार बोटं पाणी, वर जाळी, जाळीवर सुती पिशवीत ओलं केसिंग, आणि झाकण. मध्यभागी काट्याचा थर्मामीटर खुपसून ठेवते. काटा ६५ वर आला की आच मंद करायची आणि ६५ ते ७० मध्ये दीड-दोन तास राखायचं. वाफ आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून वेळ मधल्या काट्यावरून मोजायची, झाकणातून वाफ आल्यापासून नव्हे. मग झाकण न काढता रात्रभर गार होऊ द्यायचं. फॉर्मालीनचं द्रावण मारायची पद्धत जुन्या पुस्तकांत आहे. घरात, मुलांच्या खोलीशेजारी ते करू नका. त्याचा वायू डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो आणि तो कर्करोगकारक ठरलेला आहे.

गार झालेलं केसिंग त्याच दिवशी, हात साबणानं धुऊन घालावं. पिशवी वरून कापून पांढरा थर उघडा करायचा आणि हलक्या हातानं अडीच सेंटिमीटर पसरायचं. थापायचं नाही, दाबायचं नाही. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पिशवीला पावणेदोन लिटर लागतं, म्हणून हिशेबाला दोन लिटर धरा. कडेला पातळ आणि मध्ये जाड असं करू नका. जिथे पातळ तिथे धागे आधी वर येतात आणि मशरूम सगळी कडेलाच फुटतात.

पाणी फवाऱ्यानं, धुक्यासारखं. एप्रिलच्या कोरड्या हवेत दिवसातून दोन-तीन वेळा, शिवाय दारा-खिडकीला ओलं गोणपाट. जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला की हवाच भिजलेली असते. तेव्हा तेवढंच पाणी दिलं तर थर चिखल होतो. मी पावसाळ्यात बोट अर्धा सेंटिमीटर आत घालून पाहते आणि आत कोरडं लागलं तरच फवारते. त्या दिवसांत बारीक काळ्या माश्याही येतात, केसिंगमध्ये अंडी घालतात. खिडकीला मच्छरदाणीची जाळी आधीच लावून घ्या. गाठी दिसायला लागल्या की त्यांच्यावर थेट फवारा नको, भिंतीवर आणि जमिनीवर मारा. थंडीत रात्री पारा पंधराच्या आसपास गेला की दुधी थबकते. केसिंग बिघडलं असं समजून ते उकरू नका.

आठव्या-नवव्या दिवशी मी एका कोपऱ्यात काडीनं केसिंग जरा बाजूला करून पाहते. आत पांढरे धागे दोऱ्यांसारखे जाड झालेले दिसले, मातीच्या कणांना धरून वर चढत असलेले, तर सगळं ठीक आहे. कापसासारखा पसरट थर मातीच्या वर आला असेल तर हवा कमी पडते आहे, खिडकी उघडायची. आणि हिरवा ठिपका दिसलाच तर त्यावर पाणी किंवा फुंकर मारायची नाही, बीजाणू उडून शेजारच्या पिशवीवर बसतात. ओला कागद अलगद टाकून झाकायचं, चमच्यानं ठिपक्याच्या बाहेर दोन बोटं आणि खाली पिंजरापर्यंत खरवडून कागदासकट उचलायचं, खड्ड्यावर चुनखडी भुरभुरायची आणि ती पिशवी इतरांपासून दूर, शेवटी हात लावायची म्हणून, कोपऱ्यात नेऊन ठेवायची.